कधीही ‘बोल’ न म्हणणाऱ्या आत्याबाई

बोलणाऱ्याचं ऐकून घेणारी माणसं गल्लोगल्ली सापडतील. न बोलणाऱ्याचं ऐकणारं माणूस अख्ख्या वऱ्हाडात एकच होतं, आणि ते नेमकं माझ्या नशिबी आतेसासू म्हणून आलं. आमच्या ह्यांची ती सख्खी आत्या. घरातले सगळे त्यांना आत्याबाई म्हणत, म्हणून मीही म्हणू लागले. कपाळ लहानपणीच पांढरं झालेलं, पण वडील हिमतीचे. लेकीला चुलीमागे न बसवता त्यांनी तिला मास्तरणींच्या ट्रेनिंगला घातलं, आणि भाऊबंदांनी पंगतीतून उठवायची धमकी दिली तरी माघारी आणलं नाही. पुढे अमरावतीच्या एका मुलींच्या शाळेत आत्याबाई जन्मभर बिगारीच्या, म्हणजे पहिलीच्याही आधीच्या, वर्गावर राहिल्या. वरच्या वर्गाची बढती चालून आली ती त्यांनी आल्या पावली परत धाडली. ‘चौथीतल्या पोरी बोलतात. त्याईचं काय आयकाचं?’ एवढंच कारण त्यांनी हेडबाईंना दिलं, आणि हेडबाईंना ते कळलं नाही याचं त्यांना शेवटपर्यंत नवल वाटत राहिलं.

त्या काळी पोर अडीच-तीन वर्षांचं झालं आणि बोलेना, की घरोघरचे उपाय ठरलेले असत. पोपटाने चोच मारलेला पेरू चारायचा, जिभेवर मध फिरवायचा, कुणी रिद्धपूरला जाऊन डोकं टेकवून यायचं, कुणी गुळाने तुला करायची. हे सगळं करून थकल्यावर आया आत्याबाईंकडे येत. शाळा सुटली की आमच्या ओसरीवर एखादं गप्प पोर आणि त्याची डोळे पुसणारी आई हमखास बसलेली असे. लोक त्यांना ‘बोलतं करणारी बाई’ म्हणत आणि त्या नावाने त्यांच्या अंगाचा तिळपापड होई. ‘मी कोनाले बोलतं करत नाई,’ त्या ठणकावत. ‘कुठी अडकलं ते पायते. गाडा फसला त चाक पायतात का बैल पायतात, का उगाच मागून लोटतात?’ हे ज्ञान त्यांनी कुठून मिळवलं हे कुणालाच ठाऊक नव्हतं. बिगारीत इतकी वर्षं काढल्यावर कुणालाही येईल, असं त्यांचं म्हणणं. पण त्यांच्याइतकीच वर्षं बिगारीत काढलेल्या दुसऱ्या बाईंना फक्त छडी मारता येई.

माझी आणि त्यांची पहिली भेट मला दाखवायला बसवलं तेव्हाची. मी अकोल्याची, भाजी-फुलांचा मळा पिकवणाऱ्या घरातली. पाहायला आलेल्या बायका चालून दाखव म्हणतात, केसांची लांबी पाहतात, फार तर सुईत दोरा ओवायला लावतात. आत्याबाईंनी मला उजेडाकडे तोंड करून ‘आ’ करायला लावलं, टाळू पाहिला, जीभ वर-खाली करवली आणि शेवटी समईची वात एका फुंकीत विझवायला सांगितली. भर बैठकीत समई विझवायची म्हणजे अपशकुन, पण सांगणारी वरपक्षाची. मी फुंकली. ‘पास हाय,’ त्या म्हणाल्या आणि पोहे खायला लागल्या. माझे वडील, ज्यांना आम्ही आबा म्हणतो, तेव्हापासून त्यांना जरा वचकून असत. सोयरिकीत मुलगी घोडीसारखी पारखतात हे त्यांनी ऐकलं होतं, म्हणे, पण दातही पाहतील असं वाटलं नव्हतं.

आत्याबाईंचा पहिला नियम असा, की पोराला ‘बोल’ म्हणायचं नाही. ‘आई म्हण, बाबा म्हण, काकाला नमस्कार म्हण’ असं कुणी पोराच्या मागे लागलं की त्या त्या माणसाला उठवून परसात धाडत, मग तो पोराचा आजा असो की आमच्या ह्यांचा साहेब असो. ‘रोज रोप उपटून मुया पायल्या त वांगं लागीन काय?’ असं त्या मला विचारत, कारण मी मळेवाल्याची लेक. दुसरा नियम हातांचा. आपण पोराशी बोलतो ते तोंडाने कमी आणि हाताने जास्त, हे त्यांचं ठाम मत. ‘तिकडं बस’ म्हणताना बोट जातं, ‘ये’ म्हणताना पंजा हलतो, आणि पोर बोट पाहून वागतं. शब्द त्याला कळतो की नाही हे कुणालाच कळत नाही. म्हणून परीक्षा घेताना त्या दोन्ही हात पदरात गुंडाळून घेत आणि नजर आढ्याला लावत. एकदा शाळेत इन्स्पेक्टरसाहेब तपासणीला आले होते. एका पोरीच्या नावापुढे दुसऱ्या तुकडीच्या बाईंनी ‘मंद’ असा शेरा मारलेला, तिला काढून टाकायची गोष्ट चाललेली. आत्याबाई आढ्याकडे पाहत म्हणाल्या, ‘जाय, सायबाची काठी घेऊन ये.’ साहेब त्याच काठीवर रेलून उभे होते. पोरीने ती दोन्ही हातांनी ओढून काढली, साहेब फळ्याला धरून सावरले, आणि आत्याबाई अजून आढ्याकडेच पाहत म्हणाल्या, ‘समजते तिले समदं. फकस्त लाजते.’ शेरा त्याच दिवशी खोडला गेला.

कान तपासायची त्यांची तऱ्हा तर गावभर गाजलेली. कापडी पिशवीत घुंगरू, ज्वारीचे दाणे घातलेली टिनाची डबी, बत्ताशांची पुडी असा सरंजाम असे, पण संशय बळावला की त्या मोठं भांडं वापरत. दर्यापूरला एका लग्नात वरातीपुढे नाचणाऱ्या पोरांत एक पोरगं त्यांना निराळं वाटलं. सगळे ताशावर नाचत होते, हे ताशेवाल्याचे हात पाहून नाचत होतं. आत्याबाई सरळ आचाऱ्याकडे गेल्या, पितळी परात उचलून आणली आणि त्या पोराच्या पाठीमागे दाणकन फरशीवर टाकली. पोराने मान वळवली नाही. नवरदेवाच्या घोड्याने मात्र वळवली, आणि तो नवरदेवासकट जो उधळला तो जीनिंगच्या आवारात कपाशीच्या ढिगात जाऊन थांबला. मांडवात हलकल्लोळ. आत्याबाई शांतपणे त्या पोराच्या आईला सांगत होत्या, ‘घोड्याले आयकू येते, तुह्या पोराले नाई. आता शिव्या देनं बंद कर, त्याच्या म्होरं बसून तोंड दाखवून बोलत जाय.’ त्या बाईने पुढे दर संक्रांतीला तिळगूळ पाठवला. नवरदेवाकडच्यांनी काही पाठवलं नाही.

तिसरी सवय वाट पाहण्याची. सोललेलं संत्रं पोराच्या हातात कधी द्यायचं नाही. न सोललेलं द्यायचं आणि गप्प बसायचं. पोर काय करतं, कुणाकडे पाहतं, आवाज काढतं की नुसतं चावतं, हे पाहत त्या दगडासारख्या बसून राहत. ही सवय त्यांना मोठ्यांशी वागतानाही सुटत नसे. भाजीवाल्याला ‘कितीले?’ एवढं विचारून त्या इतका वेळ शांत नजरेने त्याच्याकडे पाहत राहत, की तो कासावीस होऊन आपणच भाव उतरवी. घरी मात्र हीच बाई चहाला उशीर झाला तर कपबशी आपटून घर डोक्यावर घेई. तिकडच्या सहनशक्तीची सगळी वसुली आमच्याकडून होई.

एकदा जंगलखात्यातल्या एका जमादाराने धारणीकडचं एक अनाथ पोरगं आणलं. मुकं आहे म्हणाला, दोन वर्षांत तोंडातून अक्षर नाही. आत्याबाईंनी त्याचे कान पाहिले, जीभ पाहिली, आणि दुसऱ्या दिवशी बाजारात मोहाची फुलं विकायला आलेल्या एका कोरकू बाईला हाताला धरून घरी आणलं. ती बाई काहीतरी म्हणाली, आणि ते पोरगं जे बोलायला लागलं ते दिवेलागणीपर्यंत. ‘मुकं नवतं ते,’ आत्याबाई जमादाराला म्हणाल्या. ‘तुमच्या संगं कोन्या बोलीत बोलन बिचारं?’

आता अकोल्याची गोष्ट सांगते. ती सांगितल्याशिवाय आत्याबाई काय चीज होत्या ते कळायचं नाही.

माझ्या माहेरी तेव्हा चारच माणसं. आबा, माझा दादा, वहिनी आणि त्यांची यमू. आई आधीच गेलेली. मळा गावाबाहेर मोर्णा नदीच्या अंगाला, घर मळ्यातच, शेजार म्हणाल तर वांग्यांचा. वहिनी मोठी बोलकी. लग्न होऊन आली तेव्हा तिच्या बोलण्याने आबांची दुपारची झोप मोडली ती मोडलीच. पण यमू दोन वर्षांची झाली, सव्वादोन, अडीच, आणि ‘आई’सुद्धा म्हणेना. पोर उजवायची कशी, ही चिंता जन्मल्या दिवसापासून पोरीच्या मागे असतेच, त्यात ही मुकी. वहिनीने ती मनाला लावून घेतली. आमच्या विहिरीच्या काठावर शेंदूर फासलेले दगड आहेत, त्या आसरा, पाण्याच्या देवी. मळ्यातलं सगळं बरंवाईट त्यांच्या कानी घालायची आमची रीत. वहिनीने आसरांना नवस केला: पोर बोलेपर्यंत मी तोंडातून शब्द काढणार नाही.

आणि तिने तो पाळला. जिला दोन घटका गप्प बसणं म्हणजे शिक्षा, ती वर्षाहून जास्त दिवस मुकी राहिली. मीठ हवं तर चिमूट करून दाखवी, दादाला जेवायला बोलवायचं तर थाळी वाजवी. तिच्या नवसाचा मान म्हणून आबा आणि दादाही घरात खुणांनीच बोलू लागले. शेजारपाजार नाहीच. म्हणजे घरात आवाज करणारं असं फक्त मोटेचं चाक उरलं. ते दिवसभर ‘कुई... कुई...’ करत असे, कारण आबा त्याला तेल घालू देत नसत. कुरकुर थांबली की गड्याने बैल थांबवले हे घरबसल्या कळतं, असा त्यांचा हिशेब.

घरातली ही गोष्ट सासरी काढायची नाही, असं आबांनी मला बजावलं होतं. दिवाळीनंतर मी माहेरी निघाले तेव्हा आत्याबाईंना शाळेची सुट्टी होती. त्या ‘येते तुह्यासंगं’ म्हणाल्या आणि पिशवी घेऊन टांग्यात बसल्यासुद्धा. बडनेऱ्याला गाडी बदलून आम्ही अकोल्याला पोचलो तर घरात निराळीच तयारी. आबांनी एका वैदूला सांगून ठेवलं होतं. पोरीची जीभ खालून चिकटली आहे, तो तंतू कापला की बोलेल, असं त्याचं म्हणणं; येत्या बाजाराच्या दिवशी तो हत्यार घेऊन येणार होता. वहिनीने मला कोठीघरात ओढून नेलं, आपल्या जिभेवर बोट आडवं ओढून दाखवलं आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवून आवाज न करता रडली. मोठ्याने रडायलाही नवसाची आडकाठी असेल असं तिला वाटत होतं बहुधा. मला तेव्हा आबांचा असा राग आला, की त्यांना चहा नेऊन दिला तो बिनसाखरेचा.

आत्याबाईंनी पहिला दिवस यमूकडे पाहिलंच नाही. तिच्याकडे पाठ करून मेथी निवडत बसल्या. दुसऱ्या दिवशी यमू आपण होऊन त्यांच्या पिशवीत हात घालू लागली, तेव्हा परीक्षा सुरू झाली. पाठीमागे डबी वाजवली, पोर झटकन वळली. दूरवर घुंगरू हलवलं, तरी वळली. वरच्या ओठाला गुळाचं बोट लावलं, तर यमूने जीभ अशी वर फिरवली की नाकाचा शेंडाच राहिला. ‘इवाई,’ त्या आबांना म्हणाल्या, व्याह्यांना आमच्याकडे असंच म्हणतात, ‘जीभ चिकटली म्हनता ना हिची? कापाले धार नाई, पयले दोरी लागन धराले.’ मग त्यांनी हात पदरात गुंडाळले, आढ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, ‘यमू, जाय, सुपातली मिरची आन.’ यमू त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिली. पुन्हा म्हणाल्या. यमूने वळून आईकडे पाहिलं. वहिनीने सुपाकडे हात केला मात्र, पोर पळत जाऊन मिरची घेऊन आली.

आत्याबाईंनी पदरातून हात सोडवून घेतले. मग त्यांनी विचारलं, ‘या घरात हिच्याशी बोलते कोन?’

दादाने खाली मान घालून नवसाची गोष्ट सांगितली. मला वाटलं, आता ह्या भांडी फेकणार. पण त्यांचा आवाज उलट खाली आला. ‘काय केलं वं माय हे,’ त्या वहिनीला म्हणाल्या. ‘देवाले आपला उपास द्यावा. तू त पोरीच्या कानाचा घास काढून देल्ला.’ काही पोरं मुळातच उशिरा बोलतात, आणि हिची बोलायची वेळ आली नेमकं तेव्हाच घर मुकं झालं. पोर ऐकून ऐकून बोलतं. इथे ऐकायलाच काही नाही. आई बोलेल तर पोर बोलेल, आणि पोर बोलेल तर आई बोलणार. दादाला हे एका दमात पटलं. तो म्हणाला, ‘मंग बोल ना आता, सोड तो नवस.’ वहिनी दोन पावलं मागे सरकली आणि तिने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. नवस मोडला आणि पोरीला काही झालं तर? तिच्या डोळ्यांत ती भीती दिसत होती.

इथे दुसरी कुणी शिकलेली बाई असती तर तिने अंधश्रद्धेवर व्याख्यान झोडलं असतं. आत्याबाई वहिनीजवळ जाऊन बसल्या. ‘नवस मोडू नोको,’ त्या म्हणाल्या. ‘नवस फेडाचा असते. पोर एक शब्द बोलली की फिटला, असंच ना? मंग शब्द धुंडतो आपुन.’

त्यानंतर बाजाराच्या दिवसापर्यंत त्या यमूच्या मागे सावलीसारख्या हिंडल्या. लुगडं खोचून वांग्यांच्या वाफ्यांत, झेंडूच्या ओळींत, पाण्याच्या दांडाकाठी, यमू बसली की बसायचं आणि उठली की उठायचं. मोट हाकणारा गडी म्हणाला, ‘अकोल्यात हवा चांगली हाय, बाई बऱ्या होतीन.’ बाजाराच्या आदल्या दिवशी दुपारी मी भाकरी थापत होते, तर आत्याबाई हरवलेली गाय सापडल्यासारख्या धावत आल्या. ‘सापडला,’ त्या म्हणाल्या. शब्द होता ‘कुई’. यमू दांडाकाठी बसली की ‘कुई’ म्हणते, दादा पाय धुतो तेव्हा ‘कुई’ म्हणते, लोटा पाहिला की ‘कुई’ म्हणते. मी म्हटलं, अहो, तो चाकाचा आवाज, पोर नक्कल करते. ‘लोट्याले कोन्तं चाक हाय?’ त्यांनी मला विचारलं. ‘तिनं आयकलं का चाक कुई करते अन् पानी येते. या घरात दुसरं कोनी तिले नाव सांगतलंच नाई पान्याचं. मंग तिनं जे भेटलं ते घेतलं.’

मी वहिनीला सांगितलं. ती नुसती आबांच्या खोलीकडे पाहत राहिली. घरात नवस फिटला की नाही हे ठरवायचा मान वडीलधाऱ्याचा, आणि आबा म्हणजे दगडावरची रेघ. त्यांनी आत्याबाईंचं ऐकून घेतलं आणि नाही अशी मान हलवली. ‘ईनबाई, आई म्हन, बाबा म्हन, पानी म्हन, याले शब्द म्हनतात. कुई काय शब्द होय?’

‘तुमी बैलाले हुर्र म्हनता, तो कोन्त्या पोथीतला हाय?’ आत्याबाईंनी विचारलं. ‘बैल चालतो ना?’

आबा म्हणाले, उद्या दाखवा. दाखवता आलं नाही तर वैदू आपलं काम करेल.

सकाळीच वैदू आला, अंगणात आपली गाठोडी सोडून बसला. आबा खाटेवर, दादा खांबाला टेकून, वहिनी दाराच्या चौकटीला धरून. विहिरीकडे मोट चालू होती. आत्याबाईंनी यमूपुढे पाण्याचा लोटा ठेवला. ‘कुई,’ यमू म्हणाली. ‘चाक वाजून राहिलं ना तिकडं,’ आबा म्हणाले. आत्याबाईंनी गड्याला सांगून बैल सोडवले. मळा एकदम शांत झाला, इतका की मलाच चुकल्यासारखं वाटलं. त्यांनी लोट्यात दूध घालून दिलं. यमू न बोलता प्यायली, मिशी पुसली. रिकामा लोटा दिला. तिने आत पाहिलं, पालथा केला, बाजूला ठेवला. पुन्हा पाणी आणलं. ‘कुई.’ वैदू आता गुडघ्यावर बसून पाहू लागला होता. आबा म्हणाले, ‘लोट्यात पायते अन् म्हनते. सवय लागली.’

तेव्हा आत्याबाईंनी लोटा, घागर, सगळं नजरेआड करायला लावलं आणि यमूच्या ओंजळीत फुटाणे दिले. मग त्या पाय दुमडून बसल्या, हात पदरात, नजर जमिनीवर. ती भाजीवाल्याला घाम फोडणारी शांतता त्यांनी आमच्या अंगणात पसरली. यमू एकेक फुटाणा खात होती. कुणी हललं नाही. दादाने बोलायला तोंड उघडलं, तशी मी त्याच्या पायावर पाय दिला. फुटाणे संपले. यमूने ओठ चाटले, इकडेतिकडे पाहिलं. लोटा नाही, घागर नाही, चाक बंद. ती उठली, सगळ्यांकडे एकवार पाहत आबांजवळ गेली, त्यांच्या धोतराचा सोगा धरला आणि मान वर करून म्हणाली, ‘कुई.’

आणि आबा उठले. खाटेवरून सरळ उठले, कोठीघरात गेले, घागर वाकवून लोटा भरून आणला आणि यमूच्या तोंडाला लावला. ती घटघट प्यायली. आबांनी लोटा खाली ठेवला आणि मग त्यांच्या ध्यानात आलं की सगळं अंगण त्यांच्याकडे पाहत आहे.

‘इवाई,’ आत्याबाईंनी हळूच विचारलं, ‘काय मांगतलं तिनं तुमाले?’

आबांनी रिकाम्या लोट्याकडे पाहिलं. ‘पानी,’ ते म्हणाले.

वैदूने आपली गाठोडी बांधायला घेतली. ‘ये पोरी बोलती है, मालक,’ तो म्हणाला. ‘मेरा काम नहीं.’ आबांनी त्याला चहा पाजून, वांगी देऊन वाटेला लावलं. मग एक नारळ घेऊन ते विहिरीवर गेले, मागोमाग आम्ही सगळे. आसरांपुढे फोडला, पाणी शिंपडलं आणि वहिनीकडे वळून म्हणाले, ‘फिटला तुहा नवस, सूनबाई. मी सांगतो.’

वहिनीला आवाजच फुटेना. ओठ हलले, घशातून नुसता वारा आला. इतके दिवस न वापरलेला तो आवाज, कुलूप गंजावं तसा गंजला होता. यमू तिच्याकडे टक लावून पाहत होती, आईच्या तोंडाला काय झालं म्हणून. वहिनी खाली बसली, पोरीला जवळ ओढलं आणि खरखरीत, फाटक्या आवाजात म्हणाली, ‘अजून कुई पायजे का माह्या मायले?’

यमूने आईच्या ओठांना हात लावून पाहिला. मग ती हसली. आबा तिकडे तोंड फिरवून बैलांच्या गळ्यातल्या घंटा तपासू लागले, दादा उघड उघड रडला, आणि मी तर पदर पिळून काढला. वहिनी त्या दिवशी जी बोलायला लागली ती थांबेना. चुलीशी बोलली, गाईशी बोलली, वर्षभराच्या तुंबलेल्या सगळ्या गोष्टी तिने यमूला सांगितल्या. तिन्हीसांजेला दादा आत्याबाईंना विचारत होता, ‘आता हिले गप कराचा काई नवस हाय का हो?’ आत्याबाईंना ते ऐकूच गेलं नाही. त्या भिंतीला टेकून, डोळे मिटून स्वैपाकघरातली बडबड ऐकत होत्या, आणि चहाला उशीर झाला तरी त्यांनी काही आपटलं नाही.

निघताना त्यांनी वहिनीला एवढंच बजावलं: जे कराल ते पोरीला सांगत करा, ती कुई म्हणाली तर तुम्ही पाणी म्हणा, पण तिला म्हणायला लावू नका. होळीला मी पुन्हा गेले तेव्हा यमू ‘आई’ म्हणत होती, ‘आबा’ म्हणत होती, आणि मोट हाकणाऱ्या गड्याला त्याच्याच शिव्या परत देत होती. आबांनी चाकाला तेल घातलं होतं. आता घरातल्या कलकलाटात ते तसंही ऐकू आलं नसतं.

यमूचं लग्न ठरलं तेव्हा आत्याबाई शाळेतून निवृत्त झाल्या होत्या, गुडघे धरले होते, तरी आल्या. मांडवात एका कडेला बाजेवर बसल्या. हळद लागलेली यमू मैत्रिणींत बसून दोन्ही हात नाचवत काहीतरी सांगत होती, पोरी खिदळत होत्या. मधेच तिची नजर बाजेवर गेली. तिने वहिनीच्या पदराला हिसका दिला आणि चांगलं मोठ्याने विचारलं, ‘आई, ह्या आजी कोन होत वं? मघापासून मले अशा कावून पाहून राहिल्या?’

वहिनी सगळं सांगायला पुढे झाली. आत्याबाईंनी हाताने तिला थांबवलं. ‘कोनी नाई बाई, अमरावतीची पावनी हाय,’ त्या यमूला म्हणाल्या. यमूने वाकून नमस्कार केला आणि पुन्हा मैत्रिणींत जाऊन बसली. बोलणं जिथे तुटलं होतं तिथूनच तिने पुढे धरलं.

मला ते फार लागलं. परतीच्या गाडीत मी म्हटलंच, एवढं तुम्ही केलंत आणि पोरीला तुमची ओळखसुद्धा नाही. आत्याबाई म्हणाल्या, कुठून असणार. त्यांच्या हाताखालून गेलेल्या एकाही पोराला त्या आठवत नाहीत. आठवण ठेवायची तर सांगता यावी लागते, आणि त्या भेटल्या तेव्हा त्या पोरांजवळ सांगायला काही नव्हतंच. हे त्या तक्रार म्हणून बोलल्या नाहीत. मग बराच वेळ त्या खिडकीतून कपाशीची वावरं पाहत राहिल्या. बडनेरा जवळ आलं तेव्हा आपल्याशीच म्हणाल्या, ‘किती भराभरा बोलून राहिली होती ना पोरगी.’ मी ‘हव’ म्हटलं, आणि त्यांची पिशवी माझ्या मांडीवर घेतली.